वाचकांचे प्रश्न : बागेतले ऑक्झिन, वहीतले एटीपी

वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांची व पालकांची पत्रे या सदराकडे नेहमीच येतात. या महिन्यात त्यांतली चार पत्रे एकाच विषयाची, म्हणजे वनस्पतींच्या शरीरक्रियाविज्ञानाची निघाली. मुले ज्याला ‘प्लांट फिजिओलॉजी’ म्हणतात आणि ज्याचे नाव काढताच चेहरा पाडतात, तो हा विषय. पत्रे थोडी संक्षिप्त करून देत आहे.

प्रश्न : आदरणीय मॅडम, मी काटोल तालुक्यातली असून गेल्या वर्षी नीटमध्ये पुरेसे गुण न मिळाल्यामुळे यंदा ड्रॉप घेऊन नागपुरात खोली करून राहते. मानवी शरीरक्रियाविज्ञानातले माझे प्रश्न सहसा चुकत नाहीत. प्लांट फिजिओलॉजीत मात्र सराव परीक्षेत निम्मे चुकतात. संप्रेरकांचा तक्ता मी दर आठवड्याला पाठ करते आणि पुढच्या आठवड्यात विसरते. क्लासमधल्या एका सरांनी ‘हे तीन धडे सोडून दे, वेळ वाचेल’ असे सांगितले. मोठ्या बहिणीच्या जुन्या पुस्तकांत पाण्याचे वहन आणि खनिज पोषण असे आणखी दोन धडे आहेत, ते करावेत का? दिवाळीनंतर संत्र्याच्या तोडणीसाठी घरी जावे लागले, त्यात आठ दिवस बुडाले, याचीही खंत वाटते. — एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : शेवटून दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचे उत्तर एका परिच्छेदात संपते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२४ च्या परीक्षेपासून नीटचा अभ्यासक्रम बदलला, तेव्हा वनस्पतींमधील वहन आणि खनिज पोषण हे दोन्ही धडे त्यातून गेले. एनसीईआरटीच्या पुस्तकातून ते त्याआधीच कमी झाले होते. आता प्रकाशसंश्लेषण, श्वसन आणि वाढ व विकास हे तीन धडे उरले आहेत. बहिणीची पुस्तके प्रेमाने जपून ठेव, पण अभ्यास यंदाच्या छापील अभ्यासक्रमाशी ओळ न् ओळ ताडून कर. मॅग्नेशियमच्या कमतरतेने कोणते पान आधी पिवळे पडते, हे पाठ करण्यात आठवडा घालवणारी ड्रॉपची मुले मला दर वर्षी भेटतात.

धडे सोडण्याच्या सल्ल्याबद्दल मात्र मला स्पष्ट लिहावे लागेल. नीटमध्ये जीवशास्त्राचे ९० प्रश्न आणि ३६० गुण असतात. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो. परीक्षा चार दिवसांवर आलेली असती, तर काही भाग सोडण्याचा हिशेब मला समजला असता. परंतु हाती अजून काही महिने असताना, तीनच धड्यांचा आणि तोही ज्याची आकृती कागदावर काढून दाखवता येते असा भाग सोडून देणे हा वेळ वाचवणे नसून गुण देऊन टाकणे आहे. शिवाय मुले धडा पूर्ण सोडतही नाहीत. ती तो अर्धवट वाचतात आणि ‘बहुतेक हेच’ म्हणून गोल काळा करतात, त्यामुळे चार गुण जातात ते जातातच, वर एक वजा होतो.

आता तुझे बुडालेले आठ दिवस. तू ज्याला बुडालेले म्हणतेस, त्या आठ दिवसांत संप्रेरकांचा अख्खा धडा तुझ्यासमोर झाडांवर लटकत होता. वडिलांना विचार, आंबिया बहाराची (हिवाळ्याच्या अखेरीस फुलणाऱ्या बहाराची) फळगळ थांबवण्यासाठी त्यांनी कशाची फवारणी केली होती. विदर्भातल्या बागाईतदारांना दिल्या जाणाऱ्या सल्ल्यात सामान्यतः २,४-डी किंवा जिबरेलिक ॲसिड यांपैकी एक, शंभर लिटर पाण्याला दीड ग्रॅम, म्हणजे १५ पीपीएम असे प्रमाण असते. २,४-डी हे कृत्रिम ऑक्झिन, म्हणजे वाढीचे संप्रेरक, आहे, आणि ऑक्झिन कोवळी फळे व पाने गळू देत नाही, हे तुझ्या तक्त्यातले वाक्य आहे. त्याच तक्त्यात दोन ओळी खाली लिहिलेले असते की २,४-डी हे द्विबीजपत्री तण मारण्यासाठी वापरतात व परिपक्व एकबीजपत्री वनस्पतींवर त्याचा परिणाम होत नाही. मुलांना हे दोन वेगळे मुद्दे वाटतात, म्हणून ते दोन वेळा पाठ करावे लागतात आणि दोन वेळा विसरतात. पदार्थ एकच आहे. बागेत तो पाण्यात जवळजवळ नाहीसा होईल इतका विरळ असतो, तणनाशक म्हणून त्याच्या कितीतरी पट तीव्र. म्हणून तर बागाईतदार तणनाशक मारलेला पंप बागेत फवारणीला घेऊ देत नाहीत. त्या पंपावरून झालेली भांडणे तू ऐकली असशील, आणि ती ऐकलेल्या मुलीने २,४-डीचा प्रश्न चुकवू नये. (प्रमाण येथे अभ्यासापुरते दिले आहे, फवारणीचा निर्णय वडिलांनी कृषी तज्ज्ञांना विचारूनच घ्यावा.)

तुरीचे शेंडे खुडलेले तू पाहिले असशील. शेंड्यातल्या कळीत तयार होणारे ऑक्झिन खालच्या बाजूच्या कळ्यांना दाबून ठेवते; शेंडा खुडला की त्या कळ्या मोकळ्या होतात आणि झाड फांद्यांनी भरते. पुस्तकात याला अग्रस्थ प्रभाव म्हणतात आणि उदाहरण चहाच्या मळ्याचे व कुंपणाच्या झाडांचे देतात, कारण पुस्तक लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तूर नसावी. सायटोकायनिन हे दुसरे संप्रेरक या प्रभावाच्या विरुद्ध काम करते, हे त्याच वाक्याला जोडून ठेव. बहारासाठी बाग ताणावर सोडली, म्हणजे तिचे पाणी तोडले, की पाने मलूल होतात. पाण्याच्या टंचाईत पानांत ॲब्सिसिक ॲसिड वाढते आणि ते पर्णरंध्रे मिटवते, म्हणूनच पुस्तक त्याला ताणाचे संप्रेरक म्हणते. मराठीत शेतकऱ्याचा ‘ताण’ आणि पुस्तकातला ‘ताण’ हा एकच शब्द आहे, ही सोय इंग्रजीतून धडा वाचणाऱ्याला नाही.

इथिलीन या वायुरूप संप्रेरकापाशी थोडे थांबते, कारण त्याच्या इतिहासात संत्रेच आहे. पिकलेल्या संत्र्यांतून बाहेर पडणारा एक वायुरूप पदार्थ जवळ साठवलेली कच्ची केळी लवकर पिकवतो, असे कझिन्स यांनी १९१० मध्ये जमैकात नोंदवले, आणि हे वाक्य एनसीईआरटीत असल्यामुळे परीक्षेला महत्त्वाचे आहे. गंमत अशी, की निरोगी संत्रे स्वतः फारच थोडे इथिलीन सोडते. कझिन्स यांच्या पेटीतल्या संत्र्यांवर बुरशी आलेली असावी आणि वायू बहुधा त्या बुरशीचा असावा, असे पुढच्या अभ्यासकांचे मत आहे. परीक्षेत अर्थातच पुस्तकातलेच वाक्य खरे मानायचे. कळमन्याच्या बाजारात आंबियाची हिरव्या सालीची पण आत गोड असलेली फळे तू पाहिली असशील. अशा फळांना इथिलीनच्या साहाय्याने रंग आणता येतो, कारण ते सालीतले हरितद्रव्य मोडते. त्याने फळ अधिक गोड मात्र होत नाही. केळे आणि आंबा झाडावरून उतरवल्यावरही पिकतात, त्या वेळी त्यांचे श्वसन एकदम वाढते; संत्र्यात असे होत नाही, म्हणून ते गोड झाल्यावरच तोडावे लागते. ‘पिकताना श्वसनाचा वेग वाढवणारे संप्रेरक कोणते’ या प्रश्नाचे उत्तर इथिलीन आहे, आणि यापुढे ते सांगताना तुझ्या डोळ्यांसमोर केळे असले पाहिजे, संत्रे नव्हे.

तक्ता पाठ करायचाच असेल, तर जिथे दोन संप्रेरके एकाच झाडावर येतात त्या जागा आधी धर, कारण प्रश्नकर्तेही तिथेच बसलेले असतात. अननसाला फुले आणण्याचे काम ऑक्झिनच्या यादीतही आहे आणि इथिलीनच्याही. ऑक्झिन कोवळे फळ टिकवते, पण जुनी पाने व पक्व फळे गळण्यास तेच मदत करते. द्राक्षाचा देठ लांबवणारे जिबरेलिन आणि बियांना रुजण्यापासून रोखणारे ॲब्सिसिक ॲसिड बहुतेक ठिकाणी एकमेकांच्या विरुद्ध उभे असतात. काकडीला मादी फुले जास्त आणणारे इथिलीन. एवढे पक्के झाले की तक्त्याचा उरलेला भाग आपोआप हलका होतो.

प्रकाशसंश्लेषणाचे दुखणे वेगळे आहे. तिथे मुलांना नावे माहीत असतात, जागा माहीत नसते. मी शिकवत असताना फळ्यावर एकही नाव लिहिण्याआधी फक्त खोल्या काढत असे : ही मेसोफिल पेशी, ही बंडल शीथ पेशी, हा थायलॅकॉइड (हरितलवकातली चपटी पिशवी), हा त्याच्या बाहेरचा स्ट्रोमा. मग प्रत्येक घटना कोणत्या खोलीत घडते, तेवढेच विचारायचे. पाण्याचे विघटन पीएस-२ शी (प्रकाश पकडणाऱ्या दोन रंगद्रव्य-संचांपैकी एकाशी) निगडित असून ते थायलॅकॉइडच्या पटलाच्या आतल्या बाजूला होते. म्हणून प्रोटॉन आत साठतात. म्हणून ते बाहेर येताना एटीपी, म्हणजे पेशीचे ऊर्जेचे चलन, तयार होते. म्हणून एटीपी स्ट्रोमात मिळते, जिथे साखर बनवणाऱ्या केल्विन चक्राला ते हवेच असते. ही साखळी ‘म्हणून’ या शब्दाने जोडलेली असेल तर एक कडी विसरली तरी पुढची तिला ओढून आणते.

सी-४ वनस्पतींसाठी, म्हणजे ज्यांत कार्बन डायऑक्साइड आधी चार कार्बनांच्या संयुगात धरला जातो त्यांच्यासाठी, एक दुपार खर्च कर. ज्वारीच्या किंवा मक्याच्या पानाचा पातळ आडवा छेद घेऊन ओळखीच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. वाहिन्यांच्या भोवती मोठ्या, गर्द हिरव्या पेशींचे कडे दिसेल, अंबाड्याभोवती गजरा माळावा तसे. याच बंडल शीथ पेशी. पुस्तकात या रचनेला क्रान्झ म्हणतात, आणि त्या जर्मन शब्दाचा अर्थ फुलांचे कडे असाच आहे. शेजारी कापसाच्या पानाचा छेद ठेवलास तर ते कडे त्यात नसते. रुबिस्को या विकराची (एन्झाइमची) खोड अशी, की कार्बन डायऑक्साइडच्या जागी ते ऑक्सिजनही धरते, आणि तसे झाले की ना साखर मिळते ना एटीपी. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो, झाडे पाणी वाचवण्यासाठी पर्णरंध्रे मिटतात, आत कार्बन डायऑक्साइड कमी पडतो, आणि तेव्हा हा तोटा वाढतो. ज्वारीने त्यावर काढलेला उपाय म्हणजे रुबिस्कोला गजऱ्याच्या पेशींत बसवणे आणि बाहेरच्या मेसोफिल पेशींतून पीईपी कार्बोक्सिलेज या दुसऱ्या विकराच्या हातून कार्बन डायऑक्साइड आत पोचवत राहणे. या हमालीला पैसे पडतात. साध्या केल्विन चक्रात एका कार्बन डायऑक्साइडमागे ३ एटीपी व २ एनएडीपीएच लागतात, म्हणजे सहा फेऱ्यांत होणाऱ्या एका ग्लुकोजला १८ आणि १२. ज्वारीला प्रत्येक फेरीमागे २ एटीपी जास्त मोजावे लागतात, म्हणजे एका ग्लुकोजला ३०. हे आकडे असे मोजलेस तर पाठ करण्यासारखे फार उरत नाही. आणि केल्विन चक्र सी-४ वनस्पतीतही असते, केवळ खोली बदललेली असते, हे वहीत लाल शाईने लिही. सराव परीक्षेत चुकणाऱ्यांपैकी निम्म्या मुलांचे उत्तर इथेच जाते, असा माझा अनुभव आहे.

यापुढे चुकलेला प्रत्येक प्रश्न वेगळ्या वहीत उतरव आणि त्याच्याखाली बरोबर उत्तर न लिहिता ‘मी जागा चुकले, आकडा चुकले, की दोन नावांत गोंधळले’ एवढेच लिही. तीन आठवड्यांनी ती वही उघडलीस की तुझा खरा अभ्यासक्रम तीत दिसेल. वडिलांशी फोनवर बोलताना पुढच्या बहाराच्या फवारणीची चौकशीही करत जा; त्यांनाही बरे वाटेल.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. एका ग्लुकोजपासून एकूण किती एटीपी मिळतात, याचे उत्तर त्याच्या एका पुस्तकात ३८, क्लासच्या उत्तरसूचीत ३६ आणि इंटरनेटवर ३० किंवा ३२ असे आहे. मी वाणिज्य शाखेचा असल्यामुळे मला मदत करता येत नाही. परंतु एकाच व्यवहाराचे तीन ताळेबंद कसे असू शकतात? — एक पालक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : आपला प्रश्न विज्ञान शाखेच्या पुष्कळ शिक्षकांपेक्षा नेमका आहे, आणि त्याचे उत्तरही हिशेबाच्याच भाषेत देता येते. पेशीत ग्लुकोजचे ज्वलन होताना थोडी रक्कम रोख मिळते आणि बरीचशी हुंडीच्या रूपात. रोख म्हणजे प्रत्यक्ष एटीपी, हुंड्या म्हणजे एनएडीएच आणि एफएडीएच-२. ग्लायकोलिसिसमध्ये निव्वळ रोख २ आणि एनएडीएचच्या हुंड्या २. पायरुव्हेटपासून ॲसिटिल कोएन्झाइम-ए होताना हुंड्या २. क्रेब्ज चक्राच्या दोन फेऱ्यांत रोख २, एनएडीएच ६ आणि एफएडीएच-२ दोन. जुन्या दराने एका एनएडीएचचे ३ आणि एका एफएडीएच-२ चे २ एटीपी वटतात. बेरीज केली की रोख ४, दहा एनएडीएचचे ३० आणि दोन एफएडीएच-२ चे ४, असे ३८ होतात.

छत्तीस येतात ते दलालीमुळे. ग्लायकोलिसिस तंतुकणिकेच्या बाहेर घडते, आणि तिथल्या दोन हुंड्या आत नेताना काही पेशींत त्यांची किंमत एनएडीएचवरून एफएडीएच-२ इतकी उतरते, म्हणून दोन एटीपी कमी. तीस किंवा बत्तीस येतात ते दरच बदलल्यामुळे : नंतरच्या मोजमापांनुसार एनएडीएचला सुमारे अडीच आणि एफएडीएच-२ ला सुमारे दीड एटीपी मिळतात. तिन्ही ताळेबंद आपापल्या गृहीतकांवर बरोबर आहेत. नीटसाठी एनसीईआरटीतला ३८ हा आकडा धरावा. ही बेरीज काही गृहीतकांवरच करता येते, प्रत्यक्ष पेशीत सर्व मार्ग एकाच वेळी चालू असतात, असे ते पुस्तकच सांगते. मुलाला आकडा पाठ करायला लावण्याऐवजी आपण त्याच्याकडून वरील ताळेबंद कागदावर एकदा मांडून घ्यावा. तपासणे आपल्याला सहज जमेल.

प्रश्न : दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात शिकलो. आता सर्व शब्द इंग्रजीत आल्यामुळे धडा समजतो पण शब्द परके वाटतात. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतून घ्यावी का? — एक विद्यार्थी, हिंगणा

उत्तर : अर्ज भरतानाच मराठी निवडता येते, आणि त्या पुस्तिकेत इंग्रजी प्रश्नही शेजारी असतो, दोन्हींत तफावत आढळल्यास इंग्रजी प्रत ग्राह्य धरली जाते. तुझी अडचण मात्र प्रश्नपत्रिकेची नसून अकरावी-बारावीच्या दोन वर्षांची आहे, कारण तुझे वर्ग, पुस्तके आणि सराव परीक्षा सगळे इंग्रजीत आहे. सराव ज्या भाषेत केला, त्याच भाषेत परीक्षा देणे मला सुरक्षित वाटते. मराठी शब्द टाकून देऊ नकोस. पर्णरंध्र म्हटले की ‘पानाचे भोक’ हे आपोआप कळते, स्टोमाटा म्हटल्याने काहीच कळत नाही. समजून घेताना मराठी आणि लिहिताना इंग्रजी, अशी वाटणी केलेली मुले मी चांगली पुढे गेलेली पाहिली आहेत.

प्रश्न : मी राज्य मंडळाच्या बारावीत आहे. नीटमधून पाण्याच्या वहनाचा भाग गेला, तर बारावीच्या पुस्तकातला तो धडा वाचावा का? वाचायचा असल्यास वॉटर पोटेन्शियलमधले उणे चिन्ह मला अजिबात कळत नाही. — एक विद्यार्थिनी, उमरेड

उत्तर : वाचावाच लागेल. वनस्पती आणि पाणी, तसेच वाढ व खनिज पोषण, हे दोन्ही धडे मंडळाच्या बारावीच्या पुस्तकात आहेत, म्हणजे फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षेत त्यांवर प्रश्न येणार. राज्याच्या सीईटीचाही बहुतांश भार बारावीच्या अभ्यासक्रमावर असतो आणि तिथे चुकीला गुण वजा होत नाहीत. कृषी किंवा औषधनिर्माणशास्त्राची वाट मोकळी ठेवायची असेल, तर हा धडा तुझ्या फायद्याचाच आहे.

उणे चिन्हासाठी स्वयंपाकघरात जा. काकडी कोचवून तिला मीठ लावून ठेवलेस तर थोड्या वेळाने वाडग्यात पाणी सुटते. म्हणूनच कोशिंबिरीला मीठ आयत्या वेळी घालतात. शुद्ध पाण्याचे वॉटर पोटेन्शियल (पाण्याची दुसरीकडे जाण्याची क्षमता) शून्य मानले आहे, म्हणजे तिथून पाणी सर्वांत सहज निघते. त्यात काहीही विरघळले की पाणी अडकून पडते आणि आकडा शून्याच्या खाली जातो. मीठ लागलेल्या बाजूचा आकडा काकडीच्या पेशींपेक्षा जास्त खाली गेला, म्हणून पाणी तिकडे ओढले गेले. पाणी नेहमी कमी उणे आकड्याकडून जास्त उणे आकड्याकडे जाते, एवढेच.

चूक होते ती दाब विसरल्यामुळे. पेशीभित्तीचा दाब हा अधिक चिन्हाचा असतो आणि तो मिळवावा लागतो. समज, ‘अ’ पेशीत विद्राव्याचा आकडा उणे १० बार आणि दाब ७ बार आहे. ‘ब’ पेशीत उणे ८ आणि २. नुसते पहिले आकडे पाहणारी मुलगी ‘अ’ अधिक संहत म्हणून पाणी ‘अ’कडे जाईल असे लिहील. बेरीज केलीस तर ‘अ’ उणे ३ वर आहे आणि ‘ब’ उणे ६ वर, त्यामुळे पाणी ‘अ’कडून ‘ब’कडे जाते.